अल्बममधले चौघे आणि फाशी यार्डातले सहा

५ जून २००३ ची रात्र. नाशिक जिल्ह्यातल्या एका शेतवस्तीवर काही माणसं शिरली. घरातली रोकड आणि अंगावरचे दागिने त्यांनी काढून घेतले, एका स्त्रीवर आणि १५ वर्षांच्या मुलीवर बलात्कार केला आणि पाच जणांना ठार मारलं. त्या पाचांत ती मुलगीही होती. दोघंजण जखमी होऊन वाचले. पुढचा सगळा खटला या दोघांच्या साक्षीवर उभा राहिला.

या गुन्ह्यात सहा जणांना अटक झाली. सहाही भटक्या जमातींतले, मोलमजुरी करून पोट भरणारे. २००६ मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. २००७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम केली आणि तिघांची शिक्षा जन्मठेपेवर आणली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. या उरलेल्या तिघांनाही फाशीच व्हावी, अशी मागणी राज्य सरकारने तिथे केली आणि ३० एप्रिल २००९ ला ती मान्य झाली. सहाही जण पुन्हा फाशीच्या छायेत.

त्यानंतर जवळपास दहा वर्षांनी, ५ मार्च २०१९ ला, त्याच सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सहाही जणांना निर्दोष ठरवून सोडायला सांगितलं. न्या. सिक्री, न्या. नझीर आणि न्या. शहा यांचं हे पीठ नुसता संशयाचा फायदा देऊन थांबलं नाही. हे लोक भटक्या जमातींतले, समाजाच्या तळच्या थरातले, अतिशय गरीब मजूर आहेत आणि त्यांना खोटं गुंतवलं गेल्याची शक्यता नाकारता येत नाही, असं त्याने निकालात नोंदवलं. तोवर त्यांची सुमारे १६ वर्षं तुरुंगात गेली होती.

गुन्हा का घडतो आणि न्यायव्यवस्था त्यावर काय करते, या प्रश्नाची चर्चा आपण बहुतेक वेळा आकडेवारीने करतो. मला हे एक प्रकरण त्यापेक्षा जास्त शिकवून गेलं. यातल्या सगळ्या चुका कागदावर आहेत आणि त्या कुणा एका वाईट माणसाच्या नाहीत. तपास, सरकारी वकिली, तीन पातळ्यांवरची न्यायालयं, अशा प्रत्येक टप्प्यावर चूक दुरुस्त करायची संधी होती. ती दुरुस्त होण्याऐवजी दर टप्प्यावर आणखी घट्ट होत गेली.

अल्बम

सगळ्यात आधी तो अल्बम. पोलीस ठाण्यात माहितीतल्या गुन्हेगारांचे फोटो ठेवलेले असतात. कुठे जुन्या पद्धतीचा जाडजूड अल्बम असतो, कुठे आता संगणकावर. घटनेनंतर काही दिवसांतच, आठवण ताजी असताना, वाचलेल्या स्त्रीला असे फोटो दाखवण्यात आले. तिने चार चेहरे ओळखले. हे चौघे म्हणजे नंतर आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिलेल्या सहांपैकी कुणीही नव्हते.

इथे जरा थांबायला हवं. पाच मृत्यू आणि दोन बलात्कार झालेल्या गुन्ह्यात जिवंत राहिलेली साक्षीदार पोलिसांच्याच दफ्तरातल्या फोटोंवर बोट ठेवून सांगते की हे चौघे होते. तपासाला यापेक्षा मोठा धागा कुठला मिळणार? त्या चौघांना शोधायचं, त्या रात्री ते कुठे होते ते तपासायचं, ओळख चुकीची निघाली तर तसं लिहून ठेवायचं, एवढंच करायचं होतं. त्या चौघांना अटक झाली नाही, त्यांच्यावर खटला चालला नाही आणि असं का झालं याचं पटेल असं उत्तर सरकार पक्षाला सर्वोच्च न्यायालयातही देता आलं नाही.

नंतर ओळख परेड झाली आणि तिच्यात सहांपैकी काहींकडे बोट दाखवलं गेलं. ज्यांनी ही परेड कधी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. महाराष्ट्रात ती सहसा विशेष कार्यकारी दंडाधिकाऱ्यासमोर होते. संशयित आणि त्याच्यासारख्या दिसणाऱ्या, त्याच वयाच्या आसपासच्या माणसांची एक रांग लावतात. या दुसऱ्या माणसांना बोलीत ‘डमी’ म्हणतात. संशयित एक असेल तर डमी किमान सहा हवेत, असा आपल्याकडचा दंडक आहे. साक्षीदाराने संशयिताला आधी पाहिलेलं नसावं, वर्तमानपत्रात किंवा ठाण्याच्या व्हरांड्यातसुद्धा नाही. आणि इतकं सगळं नीट पाळलं तरी ही परेड हा मूळ पुरावा ठरत नाही. न्यायालयात साक्षीदार जी ओळख पटवतो तिला ती फक्त आधार देते.

ओळखीच्या साक्षीचा धोका जगभर माहीत आहे. अमेरिकेत डीएनए तपासणीमुळे जे कैदी निर्दोष ठरून सुटले, त्यांच्यापैकी दोन-तृतीयांशांहून अधिक जणांच्या खटल्यात साक्षीदाराने चुकीचा माणूस ओळखलेला होता. यातले बहुतेक साक्षीदार खोटं बोलत नव्हते. स्मृती फोटोसारखी जशीच्या तशी राहत नाही. आघातानंतर तर ती समोर येणाऱ्या चेहऱ्यांनुसार भरून निघते. म्हणून सर्वांत आधी केलेली ओळख सर्वांत मोलाची मानायची असते. या प्रकरणात तीच बाजूला पडली. त्या माउलीला मी एका शब्दानेही दोष देणार नाही. आपण पाहिलं ते तिने पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ऐकणाऱ्यांनी ते सोडून दिलं.

हेच सहा का?

माझ्या मते सगळ्या प्रकरणाची कळ इथे आहे. त्याचं उत्तर २००३ मध्ये सापडत नाही, ते १८७१ पासून शोधावं लागतं.

त्या वर्षी ब्रिटिश सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला. एखादी जमात, टोळी किंवा वर्ग पद्धतशीरपणे अजामीनपात्र गुन्हे करण्याला सोकावला आहे असं स्थानिक सरकारला वाटलं, की अधिसूचना काढून त्या सगळ्या समूहाला गुन्हेगार जाहीर करता येत असे. त्या अधिसूचनेला कुठल्याही न्यायालयात आव्हान देता येत नसे. मूल जन्मायच्या आधीच आरोपी. सुरुवातीला उत्तर भारतापुरता असलेला हा कायदा १९११ मध्ये मुंबई आणि मद्रास इलाख्यांनाही लागू झाला. पुढे १९२४ मध्ये तो नव्याने मांडला गेला. नाव नोंदवायचं, ठरलेल्या वेळी हजेरी द्यायची, गाव सोडायचं तर परवाना घ्यायचा. सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणाआड वसाहती झाल्या. तिथली ‘सेटलमेंट’ आजही लोकांच्या बोलण्यात त्याच नावाने आहे.

हे लोक सगळे साव होते असं माझं म्हणणं नाही. काहीजण चोऱ्या करत होते. पण का करत होते, हे त्या कायद्याने विचारलं नाही. बैलांच्या तांड्यांवरून मीठ आणि धान्य वाहून नेणाऱ्या लमाणांचा धंदा रेल्वे आली आणि गेला. फासे लावून शिकार करणाऱ्या पारध्यांसाठी १८७८ च्या वन कायद्यानंतर जंगलात शिरणं हाच अपराध होत गेला आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने उरलीसुरली शिकारही बंद केली. हातभट्टीवर अबकारी कायदा, मागून खाण्यावर १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा, सापाच्या आणि अस्वलाच्या खेळांवर पुन्हा वन्यजीव कायदा. यातल्या काही बंद्यांमागे योग्य कारणं होती, प्राण्यांचं रक्षण व्हायलाच हवं होतं. पण पोटाचं एकेक साधन काढून घेताना त्या जागी दुसरं काही दिलं गेलं नाही. जमीन नाही, सातबारा नाही, मुलं एका शाळेत दोन वर्षं टिकत नाहीत. अशा माणसाने उभ्या पिकातली चार कणसं नेली की त्याच्या नावावर पहिली नोंद होते आणि पुढे तालुक्यात कुठेही चोरी झाली की आधी त्याचंच पाल उचकटलं जातं.

३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा रद्द झाला. त्यातून सुटलेल्या या जमातींना तेव्हापासून विमुक्त जमाती म्हणतात आणि त्या हा दिवस ‘विमुक्त दिन’ म्हणून पाळतात. पण लगोलग बऱ्याच राज्यांनी सराईत गुन्हेगारांसाठी कायदे केले, मुंबई राज्यात असा कायदा १९५९ मध्ये आला. त्यात जमातीचं नाव नव्हतं. नाव लागत नव्हतंच म्हणा, कारण रजिस्टरं आणि ठाणेदारांच्या डोक्यातल्या याद्या जुन्याच होत्या. अगदी ३ ऑक्टोबर २०२४ ला, तुरुंगातल्या जातिभेदाविरुद्ध पत्रकार सुकन्या शांता यांनी केलेल्या याचिकेवर निकाल देताना, सर्वोच्च न्यायालयाला राज्यांच्या तुरुंग नियमावल्यांमधली अशी कलमं घटनाबाह्य ठरवावी लागली. मध्य प्रदेशच्या नियमावलीत तर विमुक्त जमातीच्या कुणाही व्यक्तीला सराईत गुन्हेगार समजता येईल अशी सोय होती. कायदा रद्द होऊन ७२ वर्षं उलटल्यावरची ही गोष्ट आहे.

आता पुन्हा २००३ कडे या. पाच खून झालेत, जिल्हा हादरलाय, ‘तपास लावा’ असा दबाव वरून आणि खालून दोन्हीकडून आहे. अशा वेळी पोलिसांचा हात कुठल्या वस्तीकडे जातो? त्या सहांना निवडताना तपासी अंमलदाराच्या मनात काय होतं ते मी सांगू शकत नाही. पण ज्यांच्यामागे वकील उभा राहणार नाही, ज्यांच्यासाठी गावातलं कुणी ‘हा त्या रात्री आमच्यात होता’ म्हणायला येणार नाही आणि आला तरी त्याचा शब्द धरला जाणार नाही, असेच लोक या खटल्यात सापडले, हा योगायोग मला पटत नाही. सर्वोच्च न्यायालयाचं ‘गरीब’, ‘भटक्या जमातींतले’, ‘तळच्या थरातले’ हे शब्द वापरणंसुद्धा उगाच नाही.

यात जामिनाची गोष्ट सहज सुटून जाते. लहानसहान गुन्ह्यातही न्यायालय ऐपतदार जामीनदार मागतं. म्हणजे कुणीतरी सातबारा किंवा घरपट्टीची पावती घेऊन उभं राहायला हवं. पालावरच्या माणसाला तसा माणूस आणायचा कुठून? मग तो आत राहतो आणि आत असलेल्याला स्वतःच्या बचावाचे साक्षीदार शोधता येत नाहीत. २०२२ च्या सरकारी आकडेवारीनुसार देशातल्या ५ लाख ७३ हजारांहून अधिक कैद्यांपैकी सुमारे ७६ टक्के कच्चे कैदी, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेले, होते. फाशी सुनावलेल्यांचं चित्र तर आणखी बोलकं आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात फाशीच्या कैद्यांपैकी ७४ टक्के आर्थिकदृष्ट्या दुर्बल आढळले.

शिक्षेत ओतलेला संताप

२००९ च्या निकालाकडे वळतो, कारण कायद्याच्या अभ्यासकाला इथे सर्वांत जास्त त्रास होतो.

फाशी द्यायची की जन्मठेप, हे ठरवताना गुन्हा आणि गुन्हेगार या दोहोंचा विचार करायचा, असं सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने १९८० मध्ये बच्चन सिंग प्रकरणात सांगून ठेवलं होतं. माणूस कोण आहे, त्याचं वय काय, तो सुधारू शकतो का, हे पाहायलाच हवं. १९९६ मध्ये रावजी प्रकरणात दोन न्यायमूर्तींच्या पीठाने याच्या उलट सांगितलं: गुन्हा किती भीषण आहे ते पाहा, गुन्हेगार कोण आहे ते नको. छोट्या पीठाला मोठ्या पीठाच्या विरोधात जाता येत नाही, तरी रावजीचा आधार पुढे अनेक प्रकरणांत घेतला गेला. या सहांची फाशी ठरवतानाही तोच आधार होता. आणि अवघ्या दोन आठवड्यांनी, १३ मे २००९ ला, दुसऱ्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने रावजीचा निकाल बंधनकारक कायदा दुर्लक्षून दिलेला असल्याचं जाहीर केलं.

दोन आठवडे! सहा माणसांच्या गळ्याभोवतीचा दोर ज्या तत्त्वावर वळला होता ते तत्त्वच चुकीचं होतं हे न्यायालयाने मान्य केलं, तरी त्या सहांची फाशी आपोआप रद्द झाली नाही. कारण आपल्या व्यवस्थेत निकाल एकदा झाला की तो झाला, ज्याचा त्याने पुन्हा दार ठोठवायचं. २०१२ मध्ये १४ निवृत्त न्यायाधीशांनी राष्ट्रपतींना पत्रं लिहून, चुकीच्या तत्त्वावर फाशी झालेल्या १३ कैद्यांची शिक्षा बदलावी, अशी विनंती केली. या १३ जणांत हे सहाही होते. दरम्यान सहांपैकी एकजण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हेही न्यायालयीन चौकशीत पुढे आलं. अल्पवयीन मुलाला फाशी देताच येत नाही. तरी त्याच्या डोक्यावर ती शिक्षा वर्षानुवर्षं राहिली. त्याचं वय तपासण्याची जबाबदारी पहिल्या दिवसापासून पोलिसांवर आणि दंडाधिकाऱ्यावर होती.

हा गुन्हा वाचून संताप येणारच, मलाही येतो. तो संताप पहिल्या महिन्यात तपासाला लागायला हवा होता. रक्ताचे नमुने, बोटांचे ठसे, चार फोटो, त्या चौघांचा ठावठिकाणा, प्रत्येक जबाबातली तफावत. त्याऐवजी तो निकालपत्रांच्या विशेषणांत उतरला. गुन्हा किती अमानुष, याची वर्णनं पानोपानी आली आणि ही तीच माणसं आहेत का, हा साधा प्रश्न मागे पडला. गुन्हा जितका भीषण, तितका पुरावा कडक तपासायला हवा. व्यवहारात मात्र भीषणता वाढली की पुराव्याची पारख सैल होते, कारण आरोपीला सोडण्याची हिंमत खालच्या पायरीवर कुणाला होत नाही. वरचं न्यायालय पाहील, असं प्रत्येक पायरी म्हणत जाते.

२०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की फाशीच्या शिक्षेविरुद्धची पुनर्विचार याचिका तीन न्यायमूर्तींनी खुल्या न्यायालयात ऐकावी. त्याआधी अशा याचिका न्यायमूर्तींच्या दालनात, वकिलाला तोंडी बोलू न देता निकाली निघत. या सहांचं प्रकरण २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये पुन्हा उघडलं, जुना निकाल मागे घेतला गेला, अपिलं नव्याने ऐकली गेली आणि तेव्हा कुठे तो अल्बम मध्यभागी आला.

दिवसाला ८५ रुपये

निर्दोष सोडताना न्यायालयाने राज्य सरकारला प्रत्येकी ५ लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. हे कैदी कित्येक वर्षं एकांतात, माणसांशी अगदी तोकडा संबंध ठेवून, सतत मरणाच्या भीतीखाली राहिले, ही बाब न्यायालयाने गंभीरपणे घेतली. तरी हिशेब करून पाहा. ५ लाखांना १६ वर्षांच्या दिवसांनी भागलं तर दिवसाला साधारण ८५ रुपये पडतात. आणि हेसुद्धा न्यायालयाने आपला विशेष अधिकार वापरला म्हणून. चुकीच्या खटल्यात वर्षं गमावलेल्याला हक्काने भरपाई देणारा कायदा देशात नाही. विधी आयोगाने ऑगस्ट २०१८ मध्ये आपल्या २७७ व्या अहवालात तसा कायदा सुचवला होता. निष्कारण अटक झालेल्याला दंडाधिकारी भरपाई देऊ शकतो असं कलम फौजदारी संहितेत होतं, नव्या संहितेतही आहे. तिची कमाल मर्यादा १ हजार रुपये.

तपासात हलगर्जी करणाऱ्या अधिकाऱ्यांना शोधून त्यांच्यावर कारवाई करा, असाही आदेश निकालात आहे. तो नवा नाही. २०१४ मध्येच गुजरातमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना सांगितलं होतं की प्रत्येक निर्दोष सुटकेनंतर चूक कुणाची हे तपासायची कायमची यंत्रणा उभी करा. अशी यंत्रणा खरोखर काम करणारी असती तर अल्बममधली ओळख सोडून देणाऱ्याला आपल्याला याचा जाब द्यावा लागेल, एवढी धास्ती तरी राहिली असती.

मला वाटतं यापेक्षाही साधी एक गोष्ट व्हायला हवी. तपासात जे काही आरोपीच्या बाजूने निघालं, ते सगळं पहिल्याच दिवशी दोषारोपपत्रासोबत बचावाच्या वकिलाच्या हातात पडायला हवं, पोलिसांना ते सोयीचं असो वा नसो. साक्षीदाराने पहिल्यांदा कुणाला ओळखलं, कुणाला नाही ओळखलं, कुठला नमुना जुळला नाही. विधी सेवा प्राधिकरणाकडून नेमलेल्या वकिलाला स्वतः तपास करायला ना पैसा असतो ना माणसं. त्याच्या हाती निदान कागद तरी पूर्ण असावेत.

सहाजण बाहेर आले तेव्हा त्यांची तरुणपणाची वर्षं आत गेली होती. त्यांच्याविषयी लिहिलं गेलं, लिहायलाच हवं होतं. त्या शेतवस्तीवरून वाचलेल्या दोघांविषयी मात्र क्वचितच कुणी लिहिलं. न्याय मिळाला, असं त्यांना तीन वेळा सांगण्यात आलं: २००६ मध्ये, २००७ मध्ये आणि २००९ मध्ये. गुन्ह्यानंतर जवळपास सोळा वर्षांनी त्यांना कळलं की ज्यांना शिक्षा झाली ते गुन्हेगार ठरत नाहीत. पाच माणसं मारणारे कोण होते, हे २०१९ च्या निकालाच्या दिवशी कुठल्याही न्यायालयाच्या दप्तरात लिहिलेलं नव्हतं. तिने ज्या चार फोटोंवर बोट ठेवलं होतं, त्यांतल्या एकालाही तोवर आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं गेलं नव्हतं.